मुकादम मधे, मालक मोकळा

२१ नोव्हेंबर २०२५ ला जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आणलेल्या चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि आमच्या शहाद्याच्या शाळासोबत्यांत वाद पेटला. एकाने लिहिलं, ‘कायद्यांचा जाच गेला भो, आता कारखाने येतील. तू तर जर्मनीत आहेस, सांग, तिथले कामगार असे रडतात का?’

रडतात ना. मी ज्या ग्युटर्सलो जिल्ह्यात राहतो, तिथे रेडा-वीडनब्रुकला डुकराच्या मांसाचा अवाढव्य कारखाना आहे. जून २०२० मध्ये त्यातल्या दीड हजारावर कामगारांना कोरोना झाला. बरेचसे रुमानिया, बल्गेरिया, पोलंडचे. मांस कापायची जागा १२ अंशांच्या वर तापू द्यायची नाही असा नियम. त्या थंड, फिरत्या हवेत माणसं सरकत्या पट्ट्याला खेटून उभी. आणि यातली कित्येक माणसं कागदोपत्री कारखान्याची नव्हतीच, ठेकेदारांची होती. या धंद्यात राहायची दाटीवाटीची खोली बहुधा ठेकेदारच देई आणि भाडं पगारातून कापून घेई. सुरीला धार लावण्याचा, कपडे बदलण्याचा वेळ कित्येकदा मजुरीत धरतच नसत.

शिस्तीच्या देशाला हे वर्षानुवर्षं ठाऊक होतं. धावपळ झाली ती शाळा बंद कराव्या लागल्या, अख्ख्या जिल्ह्यावर निर्बंध आले, तेव्हा. मग कायदा झाला: १ जानेवारी २०२१ पासून कत्तल आणि कापणीच्या कामाला ठेकेदाराची माणसं चालणार नाहीत, एप्रिलपासून एजन्सीची उसनी माणसंही जवळपास बंद. सुरीची धार, आंघोळ, कपडे, सगळा वेळ संगणकावर नोंदवायचा. ५० पेक्षा कमी माणसांचे खाटीक तेवढे वगळले. धंदा बुडेल अशी ओरड झाली. कारखाना आहे तिथेच आहे. जुने मुकादमच कंपनीचे फोरमन झाले, अरेरावी तीच, ही तक्रार आजही ऐकू येते. पण बोट कापलं गेलं तर कोणाच्या दारात जायचं, हे आता पक्कं आहे.

आपल्याकडे काय? आमच्या नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याची माणसं दरसाल दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. उचल मुकादमाची, हिशोबाची वही मुकादमाची. साखर कारखाना म्हणतो, ही आमची माणसं नव्हेत. नवापुरात २००६ ला आणि पुन्हा २०२१ ला बर्ड फ्लू आला. भरपाई ठरते मारलेल्या पक्ष्यांवर, मिळते पोल्ट्रीवाल्याला. शेडमध्ये राबणाऱ्याचा रोज बुडाला, तो कुठल्या रकान्यात?

नव्या संहितांपैकी एकीने कंत्राटी कामगारांच्या तरतुदींची केंद्रीय कायद्यातली मर्यादा २० वरून ५० माणसांवर नेली. म्हणजे ४९ जणांची टोळी ठेवणारा सुटला. धंद्याच्या मूळ कामाला ठेकेदार लावू नये असंही तीत लिहिलंय, नाही असं नाही. पण ते काम सहसा ठेकेदारामार्फतच होत आलं असेल तर मुभा आहे. खानदेशात मजुराचं कुठलं काम तसं होत आलेलं नाही, ते आमच्या मित्राने एकदा सांगावं.