माळरान म्हणजे तोडलेलं जंगल? मुळीच नाही

जून उजाडला की एक मेसेज फिरायला लागतो. माणदेशातल्या किंवा सोलापूरकडच्या उघड्या माळाचा फोटो आणि खाली मजकूर: इथे कधीकाळी घनदाट जंगल होतं, इंग्रजांनी रेल्वेसाठी ते तोडलं, झाडं गेली म्हणून पाऊस गेला, आता ही पडीक जमीन झाडांनी भरली की माणदेशाचं कोकण होईल. हेतू चांगला, म्हणून कुणी हटकत नाही. पण एकेक वाक्य तपासायला घेतलं तर फारसं काही टिकत नाही.

‘झाडं गेली म्हणून पाऊस गेला.’ आधी हेच घेऊ, कारण बाकीचा डोलारा यावरच उभा आहे. गोष्ट नेमकी उलटी आहे. अरबी समुद्रावरून येणारी ओली हवा सह्याद्रीला अडते, वर चढते, थंड होते आणि घाटमाथ्यावरच रिती होते. पलीकडे उतरताना ती तापते, कोरडी पडते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या माणदेशातल्या दहिवडीला मात्र जेमतेम पाचशेच्या आसपास. अक्षांश जवळपास तोच, खाली बेसॉल्टचा खडकही तोच. तरी तिकडे जांभूळ-अंजनीचं सदाहरित रान आणि इकडे कुसळी गवत, बोर, तरवड, हिवर. हा पर्जन्यछायेचा पट्टा कुऱ्हाडीने तयार झालेला नाही. १६३०-३२ चा दख्खनचा भीषण दुष्काळ पडला तेव्हा इथे ना रेल्वे होती ना इंग्रजांचं राज्य.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे अमेझॉन. तिथे झाडंच पाऊस पाडतात ना? हो, बऱ्याच अंशी. लाखो चौरस किलोमीटर सलग जंगल पानांवाटे बाष्प सोडतं आणि ते पुढे पुन्हा बरसतं. पण ते जंगल मुळात अटलांटिकवरून येणाऱ्या भरपूर ओलाव्यावर उभं आहे. गायरानातल्या दोन-चार हेक्टरांच्या रोपवनाकडून ती अपेक्षा करणं म्हणजे निव्वळ भाबडेपणा.

‘इंग्रजांनी तोडलं.’ तोडलं, याबद्दल वादच नाही. स्लीपर, जहाजं, इंधन यांसाठी सागवानाची बेसुमार तोड झाली. पण ती जिथे सागवान होतं तिथे. पहिली आगगाडी १८५३ मध्ये धावली, माळ त्याच्या कितीतरी आधीचा. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी साहित्यातले वनस्पतींचे उल्लेख गोळा केले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ४४ रानटी प्रजाती सापडल्या आणि त्यातल्या जवळपास दोन-तृतीयांश माळावरच्या, म्हणजे सव्हानाच्या निघाल्या. साहित्य बाजूला ठेवायचं तर काळविटाकडे बघा. मोकळ्यावर धावून जीव वाचवणारं हे जनावर काही दोनशे वर्षांत घडलेलं नाही.

महेश शंकरन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये आफ्रिकेतल्या सव्हानांचा ताळा मांडला. साधारण ६५० मिलिमीटरच्या खाली झाडं किती दाट होतील हे पाऊसच ठरवतो. त्याच्या वर जंगल होऊ शकतं, पण वणवा आणि चरणारी जनावरं त्याला रोखून धरतात. आफ्रिकेचा आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही, पण माणदेश कुठल्या बाजूला बसतो हे उघड आहे.

‘पडीक जमीन.’ हा शिक्का महसुली दप्तरातला. जिथून सारा येत नाही ती जमीन वाया. त्या ‘वाया’ जमिनीवर कुसळी काय करते ते जवळून बघा. बियाला लांब शेपूट असतं, वाळलं की दोरीसारखं पिळलेलं. दव पडलं की पीळ सुटतो, ऊन लागलं की पुन्हा बसतो, आणि या उलटसुलट फिरण्यात बी गिरमिटासारखं मातीत शिरतं. टोकाचे केस मागे वळलेले असल्याने ते बाहेर निघत नाही. वरून वणवा गेला तरी खालचं बी शाबूत. (हेच कुसळ आपल्या पायमोज्यात शिरलं की आपण गवताला शिव्या घालतो.)

माणसाचंही गणित याच हवामानावर बसलेलं. धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात, वाटेत शेतात मेंढ्या बसवून खत देतात आणि पावसाळ्याआधी माळावर परततात. कोकणातल्या चिखलात मेंढरांचे खूर कुजतात, कोरडा माळ त्यांना मानवतो. तो माळ कुंपण घालून रोपवनाला दिला की या सगळ्या फेऱ्याचं एक टोकच तुटतं.

‘झाड ते झाड, काहीही लावा.’ इथे मात्र नुकसान होतं. जगभरच्या रोपवनांचा आढावा घेणाऱ्या २००५ च्या एका अभ्यासात लागवडीनंतर ओढ्या-नद्यांचा प्रवाह सरासरी ५२ टक्क्यांनी घटलेला आढळला. १३ टक्के प्रवाह तर किमान वर्षभर पूर्ण आटले. दक्षिण आफ्रिकेत १९९५ पासून पाणी वाचवण्यासाठी सरकारी खर्चाने परदेशी झाडं काढली जात आहेत. आणि आपण सोलापूरजवळ नान्नजला, माळढोक पक्ष्यासाठी राखलेल्या माळावर, मध्य अमेरिकेतली गिरीपुष्प लावून बसलो. माळढोक उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालतो आणि दूरवर नजर पोचली तरच निर्धास्त असतो. त्याच्याभोवती झाडोरा वाढवणं म्हणजे त्याला तिथून जायला सांगणं. आता तिथे एखादा दिसला तरी बातमी होते.

मग झाडं लावायचीच नाहीत का? लावा की. ओढ्याकाठी करंज, अर्जुन. गावठाणात, रस्त्याकडेला वड, लिंब. घाटातल्या तुटलेल्या जंगलात तिथलीच झाडं. माळ खरोखर खराब झाला असेल, आणि अतिचराईने बरेच झालेत, तर तिथे खड्डे खणू नका. गवताला बी धरून ते गळेपर्यंत चराई थांबवा, मारवेल आणि पवन्या या गवतांचं बी टाका, आणि नांगर तेवढा लांब ठेवा.