दारासिंगांना ‘नाटकी पैलवान’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार,

दारासिंगांवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली. ज्यांच्या नजरेतून ती निसटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपलं म्हणणं असं, की दारासिंग पैलवान नव्हतेच, नुरा, म्हणजे निकाल आधी ठरवलेल्या, कुस्त्या करणारे नट होते. अमेरिकन जगज्जेत्या लू थेझला त्यांनी हरवलं तेव्हा थेझ 52 वर्षांचा होता, हे मी लपवलं. सालही चुकवलं. कौतुकच करायचं तर खाशाबा जाधवांचं करावं. आणि शेवटी हे वाक्य : ‘ज्याच्या अंगाला आयुष्यात लाल माती लागली नाही, त्यानंच असल्या नाटकी पैलवानाची आरती ओवाळावी.’

सालाची चूक माझी. 1959 मध्ये कलकत्त्याला कॅनडाच्या जॉर्ज गोर्डिएन्कोला हरवून दारासिंग राष्ट्रकुल विजेते झाले. थेझबरोबरची कुस्ती मुंबईत, 29 मे 1968 ला झाली. मी दोन्हींची गल्लत केली होती. दुरुस्ती केली आहे. आभार.

आता ते शेवटचं वाक्य. आपण नाव लिहिलेलं नाही, गाव लिहिलेलं नाही. आखाड्यात आधी हात मिळवतात, सलामी झडते, मग कुस्ती लागते. न सांगता मागून येऊन धरणाऱ्याला आमच्याकडे कुणी पैलवान म्हणत नाही. मतभेद असू द्या, पण माझ्या अंगाला काय लागलं आणि काय नाही हे आपल्याला कुणी सांगितलं?

माझे वडील वाळवा तालुक्यातल्या जत्रांमधून कुस्त्या करायचे. पोरांच्या, रेवड्या बक्षीस मिळणाऱ्या कुस्तीपासून सुरुवात करून मोठ्या इनामापर्यंत गेलेले. दोन्ही कान मोडलेले होते. अकराव्या वर्षी त्यांनी मला तालमीत घातलं. पहाटे चारला उठायचं, फावड्यानं हौदा, म्हणजे कुस्तीच्या मातीचा खड्डा, उकरायचा. त्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू पडलेलं असायचं. तो वास मला आजही कुठेही ओळखता येतो. वस्तादांनी पहिला डाव शिकवला नाही, आधी पडायला शिकवलं. हनुवटी छातीला लाव, आणि हात मागं टेकू नको. नववीत असताना एका पोरानं ढाक हा फेकण्याचा डाव लावला, मी घाबरलो आणि हात मागे टेकला. कोपर गेलं. आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही माझा डावा हात टेबलावर सरळ पसरत नाही. तेव्हा लाल माती मला माहीत नाही, असं पुन्हा लिहू नका.

हे सगळं सांगतोय ते सहानुभूतीसाठी नाही. पडणं म्हणजे काय ते मला माहीत आहे, म्हणून सांगतोय. अमृतसर जिल्ह्यातल्या धर्मूचकचा हा पोरगा विशीच्या आत-बाहेर सिंगापूरला गेला, कारखान्यात राबला आणि तिथे हरनामसिंगांच्या हाताखाली कुस्ती शिकला. 1954 मध्ये रुस्तम-ए-हिंद, म्हणजे भारताचा अव्वल मल्ल, झाला. किंगकाँग नावानं लढणाऱ्या अवाढव्य परदेशी पैलवानाशी भिडला. दिल्लीत 1983 ला शेवटचा उतरला. पस्तीस वर्षांच्या आसपास हा माणूस शहरोशहरी रिंगमध्ये पडत आणि पाडत होता. रिंगमध्ये ताकानं मऊ केलेली माती नसते. कॅनव्हासखाली फळ्या असतात. समोरचा शंभर-सव्वाशे किलोचा, स्वतःचं वजन एकशेतीसच्या घरात. निकाल आधी ठरलेला असेल, नसेल. पाठीला ते कोण सांगणार?

आणि ‘नुरा’ हा शब्द आपण असा फेकता, जणू मातीतली प्रत्येक कुस्ती निकालीच होते. माझ्या वडिलांनी एकदा एका जत्रेत आपल्याच तालमीतल्या मित्राशी कुस्ती बरोबरीत सोडवली होती. आदल्या रात्री बोलून. मित्राच्या घरी बहिणीचं लग्न होतं आणि त्याला इनामाचा अर्धा वाटा हवा होता. वडिलांनीच मला हे सांगितलं, मान खाली न घालता. वीस मिनिटं दोघं घामाघूम झाले होते, लोक उभे राहून बघत होते. माझे वडीलही नाटकी होते का? याचं उत्तर नाव लिहून द्या.

माझ्या लेखाचा मुद्दा मुळात वेगळाच होता आणि आपण त्याला हातच घातला नाहीत. दारासिंग पडद्यावर टिकले ते याच अंगमेहनतीवर. ‘संगदिल’मध्ये 1952 ला ते दिसले, साठच्या दशकात ‘किंगकाँग’, ‘फौलाद’ आले, मुमताजबरोबर त्यांचे 16 चित्रपट झाले. नामवंत नायक जिच्याबरोबर काम करायला कचरत होते, त्या मुलीबरोबर हा गडी उभा राहिला. बोलण्यात पंजाबी हेल होता, मान्य. पण 1987 ला ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा त्यांनी अठ्ठावन्न ओलांडली होती, तोंडावर वानराचा साज चढवलेला, ओठांची हालचालही नीट दिसू नये असा. उरले डोळे आणि अंग. रविवारी सकाळी वडील आमच्याकडे टीव्हीसमोर बसायचे. हनुमान रामापुढे गुडघ्यावर बसला की म्हणायचे, ‘बघ, या वयात बसताना हात टेकत नाही.’ नटाला ते शिकवून येत नाही, असं त्यांचं मत होतं. माझंही आहे.

थेझच्या वयाच्या हिशोबात मी शिरत नाही. तो पकडींचा खरा जाणकार होता, बावन्नाव्या वर्षीही कुणा ऐऱ्यागैऱ्याला ऐकला नसता. माझ्यापुरतं एवढं पुरे.

खाशाबांबद्दल मात्र दोन शब्द. 1952 ला हेलसिंकीहून ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन आलेल्या, कराडजवळच्या गोळेश्वरच्या त्या माणसाला आपण सरकारदरबारी काय दिलं, याची चीड मलाही आहे. दारासिंगांना 2003 ला राज्यसभा मिळाली आणि खाशाबांच्या हयातीत साधा पद्म पुरस्कार नाही, हे दुखतंच. पण त्याचा जाब दारासिंगांना का विचारायचा? खाशाबांचं नाव दुसऱ्याच्या डोक्यात घालायचा दगड म्हणून वापरू नका. कराडकडच्या माणसासमोर तर नकोच.

बाकीच्या दोन-तीन शेऱ्यांना उत्तर देण्यासारखं काही नाही. आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा नाव लिहा, आणि कुठल्या तालमीत होतात तेही.