अस्सल पायाळू

परवा रविवारी सकाळी सात वाजता, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सत्त्याहत्तर वर्षांच्या एका बाईनं माझ्या कमरेत लाथ घातली. दूधवाला, पेपरवाला आणि फिरून आलेलं हास्यक्लबचं अख्खं मंडळ यांच्या साक्षीनं. घालून झाल्यावर "आता पाया पड" म्हणाली. मी पडायला वाकलो, निम्म्यात अडकलो आणि दोघांनी काखेत हात घालून मला सरळ केलं.

कारण थोडक्यात सांगतो. शुक्रवारी गाडी चालू होईना. किल्ली फिरवली की नुसतं टकटक, टकटक. बॅटरी बसली होती. का बसली, याबद्दल घरात दोन मतं आहेत. डिकीचा दिवा रात्रभर जळत राहिला, हे माझं. आणि डिकी शेवटची कोणी उघडली होती हा विषय काढायचा नाही, हे बायकोचं. जंपर केबल सबंध सोसायटीत कोणाकडे नाही. मग धक्का. एकानं आत बसून किल्ली ऑन करायची, सेकंड गिअर टाकून क्लच दाबून धरायचा आणि वेग आला की झटकन सोडायचा. दुसऱ्यानं ढकलायचं. आत बसायचं काम कौशल्याचं असतं, असं म्हणून बायको आत बसली. वॉचमन आणि मी मागून लागलो. गाडीनं जरा वेग धरला, बाईंनी क्लच सोडला, गाडीनं आचका दिला आणि माझ्या कमरेत कट्‌ असा आवाज झाला. गाडी चालू झाली. परत बंद पडायला नको म्हणून बायको तशीच गेटबाहेर पडून बॅटरीवाल्याकडे गेली. आरशात बघितलंही नाही. मी गेटचा खांब धरून उभा.

वॉचमन म्हणाला, "सायेब, उसण भरली."

उसण भरलेला माणूस ही सार्वजनिक मालमत्ता असते. ताप आला तर लोक लांबून विचारतात. उसण भरली की येऊन हात लावतात. आईनं तव्यावर जाडं मीठ भाजून पुरचुंडीनं शेकलं. वरच्या मजल्यावरच्या काकांनी पालथं पाडून लाटणं फिरवलं आणि फिरवताना त्यांच्या प्रॉपर्टीच्या वादाची हकीकत सांगितली. भावाचं नाव आलं की लाटण्यावर जोर वाढायचा. कुणीतरी निरगुडीचा पाला आणला. कुणीतरी तांब्या लावायचा म्हणालं, म्हणजे कमरेवर दिवा ठेवायचा, त्यावर तांब्या उपडा घालायचा, की तांब्या गच्च चिकटतो आणि उसण ओढून घेतो. सगळ्या घरात पितळेचा तांब्या न सापडल्यानं मी वाचलो. आम्ही तो गेल्याच दिवाळीत मोडीत दिला होता.

संध्याकाळी डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, जरा वाकून दाखवा. वाकता येत असतं तर तिथं कशाला गेलो असतो? मग म्हणाले, स्नायू धरलाय, झोपून राहू नका, झेपेल तसं हिंडा-फिरा, थोड्या आठवड्यांत आपोआप बरं होईल. आपोआप बरं होईल, हे सांगण्याचे पाचशे रुपये. वर डायक्लोफेनॅक लिहून दिलं. या गोळीचा इतिहास मला आमच्या कन्येनं रिक्षातच मोबाईलवरून वाचून दाखवला. हेच औषध जनावरांना टोचायचे, ती जनावरं मेली की गिधाडं खायची आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरायची. देशातली गिधाडं संपत आली, तेव्हा २००६ साली जनावरांसाठी ते बंद केलं. माणसांसाठी चालू आहे. "बाबा, दुधाबरोबर घ्या," कन्या म्हणाली. मी घेतली. करतो काय!

रात्री आईनं निकाल दिला. "पायाळूची लाथ बसल्याशिवाय ही हलायची नाही."

ज्यांना आजी नव्हती त्यांच्यासाठी सांगतो. पायाळू म्हणजे डोक्याऐवजी पायांकडून जन्मलेला माणूस. त्याच्या लाथेनं उसण जाते. त्याच्यावर वीज पडते म्हणून त्यानं पावसात झाडाखाली उभं राहू नये. (बाकीच्यांनी राहावं, असं यात कुठं म्हटलेलं नाही.) त्याच्या डोळ्यांत विशिष्ट अंजन घातलं की त्याला जमिनीतलं गुप्तधन दिसतं. या शेवटच्या समजापायी पायाळू पोरांच्या मागं काय काय लागलंय, ते आठवलं की हसू येत नाही. महाराष्ट्राला २०१३ साली जो जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, त्यात गुप्तधनाच्या शोधासाठीचे अघोरी प्रकारही आहेत. लाथेबद्दल त्यात काही नसावं. मी शोधलं होतं, जरा आशेनंच.

"मग मीच मारते की!" कन्या एकदम उठून उभी राहिली. तिचा उत्साह मला खटकला. पण मुद्दा बिनतोड होता. नवव्या महिन्यातही ती पाय खाली करूनच बसली होती, म्हणून तर सिझर करावं लागलं.

"तू नाही चालायची," आई म्हणाली. "तू सिझरची. पाय आधी आले काय नि डोकं आधी आलं काय, तू वाटेनं आलीसच कुठं?"

कन्येनं हे फार मनाला लावून घेतलं. हा जन्माधारित भेदभाव आहे म्हणाली आणि तणतणत आत जाऊन पुरावा शोधून आली. दिवस भरताना शंभरात तीन-चार बाळं अजूनही पाय किंवा कुल्ले खाली घेऊन बसलेली असतात. पण २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, २६ देशांतल्या दोन हजारांवर बायकांचे, आणि अशा बाळांना सिझर जास्त सुरक्षित, असं ठरलं. त्यानंतर जगभर डॉक्टरांनी ही बाळं वरच्या वर काढायला सुरुवात केली. चांगलंच झालं, आमचीही त्यामुळंच धडधाकट आली. पण आईच्या शास्त्राप्रमाणे बघाल, तर अस्सल पायाळूंचा पुरवठाच बंद पडलाय. जे उरलेत ते वयस्कर, आणि ज्यांच्या पायात गुण आहे त्यांचेच पाय चालेनात.

बी विंगमधल्या आक्का या उरलेल्यांपैकी. तासगाव तालुक्यातलं गाव सोडून मुलाकडं राहायला आलेल्या. उजवा गुडघा बदललेला. शनिवारी संध्याकाळी आईनं मला त्यांच्यापुढं नेऊन उभं केलं.

"कुठं धरलंय?"

"कमरेत. उजवीकडं."

"श्वास घेताना लागतं का सोडताना?"

"दोन्ही वेळेला."

"काय खाल्लं हुतंस?"

"पोहे."

"पवं," आक्का म्हणाल्या, आणि एक्स-रे हातात आल्यागत सुनेकडं बघितलं. "भरल्या पोटावर भरलीया. आज न्हाई. शनवार मारुतीचा. उद्या सकाळी ये. पारोसं असाय लागतंय."

"तुम्ही का मी?"

"दोघं बी. आणि अनवाणी. चपलंच्या लाथंला गुण न्हाई."

इथं त्यांचा मुलगा मधे पडला. इन्शुरन्समधला माणूस, जोखीम ओळखणारा. "आई, डॉक्टरांनी पायाला झटका द्यायचा नाही म्हणून सांगितलंय. गुडघा नवा आहे."

"गुडघा नवा हाय. पाय माझाच हाय."

आता माझ्या आईला शंका आली. "पण आक्का, गुडघा बदलल्यावर गुण राहतो का हो?"

"गुण टाचंत असतोय. टाच तीच हाय."

"मग डाव्या पायानं मारा ना," मी सुचवलं. त्या गुडघ्याची मला खरंच काळजी वाटली होती. उगाच उद्या हॉस्पिटलचं बिल माझ्या कमरेवर यायचं.

"डावी बायकांस्नी," आक्का म्हणाल्या, आणि तो विषय संपला.

मग चहा आला आणि आक्का खुलल्या. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आल्या. पायाळू सून आलीय हे गावात आधीच पोचलं होतं. सुगीच्या दिवसांत सकाळी उठून बघावं, तर अंगणात माणसं कंबर धरून रांगेनं बसलेली. पोती उचलणारे, मोट हाकणारे, ऊसतोडीचे. डोक्यावरचा पदर न ढळू देता, थोरल्या दिरांसमोर तोंडातून शब्द न काढणारी पोर त्या सगळ्यांना ओळीनं लाथा घालत जायची. कुणी नारळ ठेवायचं, कुणी गुळाचा खडा.

"पाटलाला मारलीया. तलाठ्याला मारलीया. पोलीस पाटलाला. सरपंचाला दोनदा. एकदा उसण हुती."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा आमच्या वस्तीला पाण्याची लाईन दिली न्हवती."

सरपंच काय म्हणाले, ते मी विचारलं. "काय म्हनतोय? गुण आला म्हनला." लाईन आली का, हे विचारायचं राहिलं. सूनबाई खाली मान घालून कप गोळा करत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. आमच्या सौभाग्यवती इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी पुढं सरकून, नको इतक्या आस्थेनं विचारलं, "आणि नवऱ्याला, आक्का?"

आक्कांनी थोडा विचार केला. "त्येला कवाच उसण भरली न्हाई. कामच करत न्हवता."

रविवारी सकाळी मी पारोसा, अनवाणी, माझ्याच गाडीच्या बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभा राहिलो. आक्का नऊवारीत, एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला सून. पाय उचलला. मांडीच्या वर जाईना. मी खाली वाकावं म्हटलं, तर वाकता येत नाही, हाच तर आजार. इथं हास्यक्लबनं ताबा घेतला. लाथ मारणाऱ्याला चढवायचं की खाणाऱ्याला उतरवायचं, यावर दोन तट पडले. एक निवृत्त ओव्हरसीअर होते, त्यांनी रॅम्पचा उतार नजरेनं मोजला आणि आक्कांना वरच्या अंगाला, मला खालच्या अंगाला उभं केलं. मला हलवताना "सावकाश, सावकाश" असा पुकारा झाला, कपाट हलवताना करतात तसाच नव्हे, त्याहून निष्काळजी. दूधवाला पिशव्या खाली ठेवून थांबला. बॅटरी बसवणारा पोरगा सहीसाठी बिल घेऊन आला होता, त्यानं खिशातून मोबाईल काढला.

लाथ कसली, टाच टेकली. पण नेमकी टेकली. साठ-एकसष्ट वर्षांचा सराव त्या टाचेत होता, हे नाकारता येत नाही.

"गेली?" आक्कांनी विचारलं.

पार्किंगमधले सगळे श्वास रोखून माझ्याकडं बघत होते. आक्कांचा पाय अजून हवेतच होता, मुलगा घामाघूम. अशा वेळी माणूस काय सांगणार? "गेली," मी म्हणालो. टाळ्या पडल्या. पुढचं पाया पडण्याचं प्रकरण वर आलंच आहे.

माझी खरी तक्रार इथून पुढं आहे. बुधवारपर्यंत कंबर बरीच मोकळी झाली. डॉक्टर म्हणतात, गोळ्यांनी. आई म्हणते, लाथेनं. काका लाटणं सोडायला तयार नाहीत. कन्येनं अमेरिकेतल्या फिजिशियन लोकांच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. नव्यानं धरलेल्या कमरेला आधी औषधं नकोत. शेक, मालीश, ॲक्युपंक्चर, नाहीतर तज्ज्ञ हातांनी मणका हलवणं, असं त्यात आहे. लाथ त्या शेवटच्या प्रकारात बसते, असं तिचं म्हणणं. तज्ज्ञ हात म्हटलंय, पाय नव्हे, हे मी दाखवलं तर "बाबा, स्पिरिट बघा" म्हणाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांची कंबर दुखत होती. त्यांची बहुतेकांची आपापल्या घरी दुखली असेल, पार्किंगमध्ये नाही. आणि डिकीपाशी मान खाली घालून ढकलत कोण होतं, हे कुणी बोलत नाही. उलट बायकोनं परवा पाहुण्यांना सांगितलं, "तसं वॉचमननंच जास्त ढकललं."

बॅटरीची वॉरंटी गेल्याच महिन्यात संपली होती. बॅटरीला हे कॅलेंडर कोण दाखवतं? नवी घेतली. जुनीचे पैसे वजा झाले, कारण आत शिसं असतं, भंगारातही भाव येतो. माझ्या कमरेला इतक्या लोकांनी हात लावला, एक रुपया कुणी वजा केला नाही.

आणि आता हे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काल मेसेज आलाय: 'आक्कांची विनामूल्य सेवा. दर रविवारी सकाळी ७ ते ८. पारोसे यावे. गुण आल्याचा पुरावा सोबत.' पुरावा म्हणजे बॅटरीवाल्या पोरानं काढलेला फोटो. चेहरा बॉनेटकडं आहे, दिसत नाही, पण गाडीचा नंबर स्वच्छ दिसतो. मी सेक्रेटरींना फोन करून फोटो ग्रुपवरून काढून टाकायला सांगितलं. ते म्हणाले, तो विषय पुढच्या सभेत घेऊ. मग आवाज बारीक करून म्हणाले, "तुमची आक्कांशी ओळख झालीच आहे, तर या रविवारी आमच्या मेव्हण्याचा नंबर लावता का? उसण नाहीये त्याला. पण चालेल का, तेवढं विचारून ठेवा."