पाना लावून सेल्फ मारू नका: जुन्या ट्रॅक्टरच्या वायरिंगबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

जुना ट्रॅक्टर चावीने लागत नसेल तर काय करावं, याचा एक मेसेज दर हंगामात गावागावांतल्या ग्रुपवर फिरतो. त्यावरचे छोटे व्हिडिओही निघालेत. सगळ्यांचं सार एकच असतं. लाईट लख्ख लागते म्हणजे बॅटरी चांगली आहे, दोष सेल्फचा, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरचा. वायरिंग शोधत बसू नका, पाना नाहीतर स्क्रू ड्रायव्हर लावून सेल्फ डायरेक्ट करा, म्हणजे चावी टाळून करंट थेट सेल्फला द्या. क्लच दाबल्याशिवाय सेल्फ फिरू न देणाऱ्या, क्लचजवळच्या सेफ्टी स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाका. फ्यूज सारखा उडत असेल तर तांब्याची तार घाला. इंजिन चालू झालं की बॅटरीची एक वायर काढून बघा, बंद पडलं नाही तर चार्जिंग ओके. आणि इंजिन बंद होत नसेल तर चावीची वायर ओढा.

यातल्या काही सल्ल्यांनी पैसे वाया जातात, काहींनी वायरिंग जळतं आणि एका सल्ल्याने माणूस जातो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा लाईटचा. ५५ वॅटचे दोन हेडलाईट मिळून साधारण ९ अँपिअर करंट घेतात. तीन सिलिंडरच्या डिझेल इंजिनाला फिरवताना सेल्फ २००, २५०, कधी त्याहून जास्त अँपिअर ओढतो. आता बॅटरीच्या टर्मिनलवर गंज चढलाय आणि तिथे फक्त ०.०१ ओहम अडथळा तयार झालाय असं धरा. ९ अँपिअरला तिथे ०.०९ व्होल्ट पडतात. लाईटला पत्ताही लागत नाही. २५० अँपिअरला त्याच जागी अडीच व्होल्ट पडतात आणि सेल्फ जागचा हलत नाही. लाईट लख्ख आणि सेल्फ मेलेला, यात बॅटरी चांगली असल्याचा पुरावा नाही आणि सेल्फ खराब असल्याचाही नाही. केवळ या एका समजुतीपायी चांगले सेल्फ खोलले जातात, आतले आर्मेचर नव्याने तार भरायला टाकले जातात, आणि परत बसवल्यावर ट्रॅक्टर तसाच.

आधी कान द्या. चावी फिरवल्यावर काहीच आवाज आला नाही, तर दोष बहुतेक बारीक वायरीच्या वाटेवर असतो: फ्यूज, चावीचा स्विच, सेफ्टी स्विच, नाहीतर सॉलेनॉइडच्या (सेल्फवरच्या, विजेने ओढल्या जाणाऱ्या जाड स्विचच्या) छोट्या टर्मिनलवरची वायर. टकटकटकटक असा भराभर आवाज आला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा जाड केबलचा जोड ढिला आहे. सॉलेनॉइड आत ओढला जातो, सेल्फचा भार येताच व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, परत ओढला जातो. आणि एकच दणकट 'टक्' होऊन पुढे शांतता असेल, तर सॉलेनॉइडच्या आतले कॉन्टॅक्ट, सेल्फचे ब्रश किंवा अर्थ, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बाजू चासीला-इंजिनाला जोडणारी केबल, बघायचा.

मग मीटर घ्या. साधा डिजिटल मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. ट्रॅक्टर काही तास उभा असताना भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. पण खरी परीक्षा सेल्फ फिरताना होते. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड लावलेले. इंजिन लागू नये म्हणून स्टॉपची दांडी ओढून धरा. एक माणूस सीटवर बसून, क्लच दाबून चावी मारेल. दुसरा बॅटरीजवळ, पंख्यापासून आणि चाकांपासून लांब. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या दोन खुंट्यांमध्ये ९.६ च्या खाली आकडा गेला तर बॅटरीचा संशय. तो ठीक असेल तर मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर टेकवा, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. पिन खुंटीवरच टेकली पाहिजे, वरच्या क्लॅम्पवर नाही, कारण खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामधल्या काळ्या थरातच पुष्कळदा दोष दडलेला असतो. सेल्फ फिरताना तिथे ०.३ व्होल्टच्या आत आकडा हवा. दीड-दोन दिसले तर सेल्फला हात लावू नका, अर्थ खराब आहे. तसंच पॉझिटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत अर्ध्या व्होल्टच्या आत. एका वेळी दहा सेकंदांवर सेल्फ मारायचा नाही, मध्ये त्याला थंड होऊ द्यायचं.

जुन्या ट्रॅक्टरवर सगळ्यात जास्त दगा देणारी जागा म्हणजे अर्थच्या केबलचा चासीकडचा लग, म्हणजे केबलच्या टोकाची बोल्टाखाली बसणारी धातूची कडी. वरून बोल्ट घट्ट दिसतो, पानाही फिरत नाही. बोल्ट काढल्यावर लगच्या खाली जुना रंग, त्याच्यावर रंगकामवाल्याने मारलेला नवा रंग आणि कडेला हिरवट पूड. केबलचं रबर बोटाने दाबलं की लगजवळ पोकळ लागतं, आत तांब्याच्या तारा काळ्या पडून तुटलेल्या असतात. लोखंड पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासायचं, लग नवीन दाबून बसवायचा, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस लावायचं. एवढ्याने सुटणारा दोष आहे हा. त्यासाठी सेल्फ कशाला खोलायचा?

आता पाना. या मुद्द्यावर मी गप्प बसू शकत नाही.

पानाने सेल्फ डायरेक्ट करणारा माणूस इंजिनाच्या कडेला, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये उभा असतो. सीट रिकामी असते. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिलेला असेल तर चावीच्या वाटेवरचा सेफ्टी स्विच इथे काहीच करू शकत नाही, कारण पान्याने ती सगळी वाटच टाळलेली असते. खालच्या गिअरमध्ये सेल्फच्या जोरावरही ट्रॅक्टर पुढे सरकतो, इंजिन लागलं की थांबवायला वर कोणी नसतं, आणि मागचं चाक माणसावर येतं. मागे सरायलाही जागा नसते. अमेरिकेत या प्रकाराने इतकी माणसं गेली की ट्रॅक्टरवर सेल्फजवळ 'फक्त सीटवर बसूनच सुरू करा, गिअरमध्ये सुरू केल्यास जीव जातो' अशा अर्थाचे इशारे लागले आणि सेल्फच्या टर्मिनलवर झाकणं आली. आपल्याकडे ते झाकण असलंच तर पहिल्या दुरुस्तीत निघतं आणि परत बसत नाही. तुमच्या ट्रॅक्टरला असेल तर आजच शोधून बसवा.

दुसरं, यांत्रिकदृष्ट्याही व्हिडिओत दाखवतात ते अर्धवट आहे. पाना छोट्या टर्मिनलला न लागता सॉलेनॉइडच्या फक्त दोन जाड बोल्टांमध्ये टेकला तर मोटर फिरते, पण पिनियन (सेल्फच्या तोंडाचं छोटं दातेरी चाक) इंजिनाच्या फ्लायव्हीलला लागतच नाही, कारण त्याला पुढे ढकलण्याचं काम सॉलेनॉइडचं असतं. मोटर बिनभाराची भन्नाट फिरते, पान्याला ठिणग्या पडतात, बोल्टाचे आटे जळतात. बॅटरी चार्जिंगवर होती आणि जवळ हायड्रोजन साचलेला असला तर त्या ठिणगीने बॅटरी फुटते आणि ॲसिड तोंडावर येतं.

शिवाय हा मेसेज स्वतःलाच खोटं पाडतो. पाना लावून सेल्फने इंजिन फिरवलं, तर सेल्फ चांगला आहे हेच सिद्ध झालं. मग दोष सेल्फचा कसा? दोष चावीपासून सॉलेनॉइडपर्यंतच्या वाटेवर आहे, आणि नेमकी तीच वाट शोधू नका म्हणून मेसेज सांगतो.

ती वाट शोधायला मीटरपेक्षा टेस्ट लॅम्प बरा. २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब, होल्डर आणि दोन लांब वायरी. तुटायला आलेल्या वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो. बल्बला करंट लागतो, तो अशा वायरीवर मंद पेटतो. एक टोक अर्थला, दुसरं क्रमाने: फ्यूजच्या दोन्ही बाजू, चावीच्या स्विचवर बॅटरीची वायर येते ते टर्मिनल, मग चावी मारलेली धरून स्टार्टचं टर्मिनल. बऱ्याच स्विचवर हे ३० आणि ५० असे आकडे असतात. तिथून सेफ्टी स्विचची येणारी बाजू, जाणारी बाजू, शेवटी सॉलेनॉइडची छोटी वायर, ती काढून तिच्या टोकावर. ज्या दोन जागांच्या मध्ये बल्ब लख्खचा मंद झाला, दोष तिथे. घुशी-उंदरांनी कुरतडलेली वायर डॅशबोर्डखाली नाहीतर बॉनेटच्या कोपऱ्यात सापडते, टेपने गुंडाळलेले जुने पिळेही तिथेच असतात. स्विच सोडवण्याआधी वायरींचा फोटो काढा, रंगावर विसंबू नका. जुन्या ट्रॅक्टरमध्ये जो रंग हाताला लागला तो वापरलेला असतो.

सेफ्टी स्विचच्या वायरी जोडून टाकणं म्हणजे पान्याचाच प्रकार कायमचा करून ठेवणं. क्लच न दाबता ट्रॅक्टर लागेल, घरातलं पोर सीटवर चढून चावी फिरवेल तेव्हाही लागेल. स्विच बिघडलाय का हे तपासायला वरचा टेस्ट लॅम्प पुरतो. बऱ्याचदा स्विच ठीक असतो, क्लचचा पेडल झिजल्यामुळे तो पूर्ण दाबला जात नाही. ॲडजस्टमेंटने काम होतं. नसेल तर बदला, ट्रॅक्टरच्या खर्चात ही किंमत किरकोळ आहे.

फ्यूजच्या जागी तांब्याची तार. फ्यूज बल्बचं नाही, वायरीचं रक्षण करतो. दीड चौरस मिलीमीटरच्या वायरीवर १५ अँपिअरचा फ्यूज असेल आणि तुम्ही तार घातली, तर पुढच्या वेळी शॉर्ट झाल्यावर तीच वायर तापून टाकीच्या बाजूने, बॉनेटखालून जळत जाते. उसाच्या पाचटात किंवा काडात उभा असलेला ट्रॅक्टर असा पेटला तर सोबत रानही जातं. फ्यूज सारखा उडतो म्हणजे कुठेतरी साल निघालेली वायर लोखंडाला घासते आहे. ती शोधायची.

चार्जिंगची ती परीक्षा तर डिझेलला लागूच होत नाही. मेकॅनिकल पंपाच्या डिझेल इंजिनाला चालू राहायला वीज लागत नाही, डिझेल दाबाच्या उष्णतेने पेटतं. बॅटरी काढा, अल्टरनेटर काढा, इंजिन चालतच राहणार. म्हणजे अल्टरनेटर पूर्ण मेलेला असला तरी मेसेजवाल्याच्या हिशेबाने चार्जिंग ओके. उलट अल्टरनेटर चांगला असला आणि तो जोरात चार्ज करत असताना बॅटरी अचानक सुटली, तर व्होल्टेजचा उसळा येऊन डायोड आणि रेग्युलेटर उडतात. खरी परीक्षा सोपी आहे: इंजिन मध्यम रेसवर, मीटर बॅटरीच्या खुंट्यांवर. १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की चार्जिंग आहे. १२ च्या घरात राहिलं तर नाही. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बघा, नाहीतर बॅटरीचं पाणी आटत राहील.

याच कारणाने चावीची वायर ओढून जुनं डिझेल इंजिन बंद होत नाही. ते पंपाचं डिझेल तोडून बंद होतं, स्टॉपच्या केबलने. बंद होत नसेल तर केबल ताणली आहे का, पंपावरची दांडी पूर्ण फिरते का ते बघा. पेट्रोलच्या पॉवर वीडरवर हा सल्ला वापरला तर परिणाम उलटा होतो. मॅग्नेटोच्या इंजिनात बंद करायची वायर कॉइलला अर्थ करून ठिणगी बंद करते. ती ओढून तोडली तर इंजिन बंद करायची सोयच गेली.

एक शेवटचं, कारण बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरचं दुखणं इथे असतं. चावी मारल्यावर सॉलेनॉइड सुरुवातीला ३०-४० अँपिअर ओढू शकतो आणि तो सगळा चावीच्या झिजलेल्या कॉन्टॅक्टमधून जातो. वायरीत दोष सापडत नाही, तरी ट्रॅक्टर कधी लागतो, कधी नाही. अशा वेळी सेल्फजवळ १२ व्होल्टचा ४० अँपिअरचा रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच, बसवून घ्या. रिलेच्या ३० नंबरच्या टर्मिनलला बॅटरीची जाड वायर फ्यूजमधून, ८७ पासून सॉलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलला, ८५ अर्थला आणि ८६ ला चावीकडून येणारी स्टार्टची जुनी वायर. चावीवर मग रिलेपुरता किरकोळ करंट राहतो. मात्र ती जुनी वायर सेफ्टी स्विचमधूनच ८६ वर आली पाहिजे. काम झाल्यावर क्लच न दाबता एकदा चावी फिरवून बघा, गिअर न्यूट्रलमध्येच ठेवून. सेल्फ फिरला, तर जोडणी चुकली आहे.