आधी पेपर वाचा, मग समास मोजा

मेडिकल जर्नलला पाठवलेला आमचा संशोधनाचा पेपर, टेबल क्रमांक तीनमध्ये उभ्या रेघा आहेत म्हणून परत. संपादकांनी वाचला नाही, तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे, म्हणजे रिव्ह्यूअरकडे गेला नाही, आत काय लिहिलंय याच्याशी कुणालाच देणंघेणं नाही. 'टेक्निकल चेक' नावाच्या दारातच अडवला. रेघा काढल्या, पुन्हा पाठवला. मग कळलं की रनिंग टायटल, म्हणजे पानाच्या डोक्यावर छापायचं छोटं शीर्षक, पन्नास अक्षरांच्या वर जातंय, आणि त्या पन्नासात शब्दांमधल्या मोकळ्या जागाही धरायच्या असतात. ते कापलं. मग म्हणे 'मेथड्स'मध्ये एका ठिकाणी कॉलेजचं नाव राहिलंय, त्यामुळे ब्लाइंडिंग, म्हणजे रिव्ह्यूअरला लेखक कोण ते कळू न देणं, बिघडलं. तेही काढलं. मग आकृती दोनचं रिझोल्यूशन. अहो, हे सगळं पहिल्याच मेलमध्ये एकदम सांगायला काय होतं? एकेक गोष्ट पुरवून पुरवून, मध्ये आठ-आठ, दहा-दहा दिवस जाऊ देऊन सांगण्यात नेमका कसला आनंद मिळतो?

पेपर कशावर आहे ते सांगते, म्हणजे माझा वैताग कळेल. घोणस चावलेल्या रुग्णांच्या मूत्रपिंडांचं पुढे काय होतं, यावर आहे. आमचं सरकारी मेडिकल कॉलेज, आजूबाजूला सगळी शेती. पाऊस सुरू झाला की कॅज्युअल्टीत साप चावलेली माणसं येतात: बांधावर पाय पडलेला शेतकरी, गवत कापणारी बाई, गोठ्यात अंधारात गेलेला पोरगा. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं गेली असा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत वरच्या गटात घेतलं, केंद्र सरकारने २०२४ मध्ये त्यावर राष्ट्रीय कृती आराखडा काढला. सगळे म्हणतात, खेड्यापाड्यातून डेटा यायला हवा. आमच्या रेसिडेंट डॉक्टरने रात्री-अपरात्री उठून तो गोळा केला, तासातासाची लघवी मोजली, मूत्रपिंडं किती काम करतात ते सांगणारे क्रिएटिनिनचे रिपोर्ट लॅबच्या पाया पडून आणले. आणि तो डेटा आता अडकलाय कशात, तर टेबलाच्या उभ्या रेघांत.

खरी चीड येते ती याची, की हा प्रश्न १९७८ सालीच सुटायला हवा होता. त्या वर्षी काही वैद्यकीय जर्नलांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले, तेच मुळी यासाठी, की लेखकाने एका साच्यात पेपर लिहावा आणि तो त्या सगळ्यांना चालावा. १९७९ मध्ये ते नियम छापूनही आले. त्याच गटाची पुढे आयसीएमजेई, म्हणजे वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, झाली. आज जर्नलांच्या लेखकांसाठीच्या सूचना उघडा. पहिल्या परिच्छेदात आयसीएमजेईचं नाव मोठ्या आदराने घेतलेलं असतं आणि दुसऱ्या परिच्छेदापासून ज्याचं त्याचं घरगुती संविधान सुरू होतं.

पेपराच्या शेवटी द्यायचा एकच संदर्भ घ्या, फार लांब जाऊ नका. एका जर्नलला सहापर्यंत सगळे लेखक हवेत आणि सातवा आला तर सहानंतर 'एट अल', म्हणजे 'आणि इतर'. दुसऱ्याला सातवा आला की फक्त पहिले तीन हवेत, बाकीचे चार गेले कुठे ते विचारायचं नाही. एकाला पानं '२८४-७' अशी, दुसऱ्याला '२८४-२८७'. वर्षानंतर अर्धविराम, की वर्ष कंसात? खंडाचा आकडा ठळक की साधा? अंक क्रमांक द्यायचा की गाळायचा? डीओआय, म्हणजे पेपरचा डिजिटल ओळखक्रमांक, नुसता की आख्ख्या लिंकसकट? मजकुरात संदर्भाचा आकडा वर टांगायचा की चौकोनी कंसात घालायचा, आणि घातलाच तर पूर्णविरामाच्या अलीकडे की पलीकडे? जर्नलच्या नावाचा संक्षेपही मनाने करून चालत नाही. आपल्या जपीचं, म्हणजे असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाच्या जर्नलचं, नाव लिहायचं तर 'जे असोक फिजिशियन्स इंडिया', म्हणजे असोसिएशन अर्धवट, फिजिशियन्स पूर्ण, 'ऑफ' गायब, आणि मध्ये कुठेही टिंब नाही. तीस संदर्भ आहेत. आणि एका जर्नलने नको म्हटलं की दुसऱ्यासाठी तीसच्या तीस पुन्हा.

'त्यासाठी सॉफ्टवेअर असतं ना' असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी कृपया आजच्या दिवस माझ्यापासून लांब राहावं. असतं. त्यात त्या जर्नलची जुनी स्टाइल असते, जर्नलने दरम्यान ती बदललेली असते, आणि सहलेखकाने आपल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडून सेव्ह केली की सगळे आकडे साधे टाइप केल्यासारखे मुके होऊन बसतात. बरं, एवढं करून पेपर स्वीकारला गेलाच, तर त्यांचा टाइपसेटर सगळं आपल्या पद्धतीने नव्याने बसवतोच. मग माझ्याकडून आधी ही कवायत कशाला? २०१९ मध्ये कॅनडातल्या काही संशोधकांनी 'प्लॉस वन' या जर्नलमध्ये याचा हिशेबच मांडला होता: एका पेपरच्या निव्वळ फॉरमॅटिंगला साधारण १४ तास, माणशी वर्षाला ५२ तास. १४ तास म्हणजे माझ्या दोन ओपीडी आणि वर राउंड. ते तास कुठल्याही पगारपत्रकात दिसत नाहीत. ते रविवारी दुपारी जातात, मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टशेजारी लॅपटॉप उघडून.

आता सिमिलॅरिटी रिपोर्ट, म्हणजे आपला मजकूर आधीच्या लिखाणाशी किती जुळतो त्याचा अहवाल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आहे, तो आकडा सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलाय. आमचा रिपोर्ट वर गेला. जुळतं म्हणून लाल काय झालं होतं ते बघा. पहिलं, 'इन्स्टिट्यूशनल एथिक्स कमिटीची परवानगी घेतली, रुग्णांची लेखी संमती घेतली' हे वाक्य. दुसरं, कॉलेजचं नाव आणि पत्ता. तिसरं, एकेआयची, म्हणजे मूत्रपिंडाच्या तीव्र इजेची, व्याख्या. रक्तातलं क्रिएटिनिन ४८ तासांत दर डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमने वाढलं, किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट झालं, किंवा लघवी सलग सहा तास दर किलोमागे तासाला अर्ध्या मिलिलिटरच्या खाली राहिली, तर मूत्रपिंडाला तीव्र इजा. मूत्रपिंडविकारांवर जगभरासाठी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या केडीआयजीओ या संस्थेची २०१२ ची व्याख्या आहे ही. जगभर सगळे ती तशीच लिहितात, कारण व्याख्या तशीच लिहायची असते! ती बदलली तर तुमचे रुग्ण आणि माझे रुग्ण ताडून कसे बघणार? पण नाही. 'कृपया स्वतःच्या शब्दांत मांडावे.' आता अर्ध्या मिलिलिटरला काय 'दहा थेंब' म्हणू?

आणि सगळ्यात मोठा लाल पट्टा कशाशी जुळला, तर आमच्याच रेसिडेंटच्या थिसिसशी. त्याने विद्यापीठात जमा केलेला थिसिस, तोच लेखक, तेच रुग्ण, त्यावरूनच केलेला पेपर. थिसिसवरून पेपर काढा म्हणून मागे लागणारेही तुम्हीच आणि थिसिसशी जुळतो म्हणून भुवया उंचावणारेही तुम्हीच.

लेखकांच्या क्रमाबद्दल न बोललेलंच बरं, पण बोलते. लेखक म्हणून नाव लावायला आयसीएमजेईच्या चार अटी आहेत: कामाच्या आखणीत, डेटात किंवा विश्लेषणात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम प्रतीला मान्यता आणि जबाबदारी घेण्याची तयारी. चारही पुऱ्या व्हायला हव्यात. कागदावर सुंदर आहे. मग तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने, म्हणजे एमसीआयने, २०२० मध्ये बढतीसाठी नियम घातला की पेपर मोजला जायचा तर तुमचं नाव पहिल्या तिघांत हवं नाहीतर तुम्ही करस्पाँडिंग ऑथर, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणारे लेखक, हवेत. झालं. तेव्हापासून विभागात लेखकांची नावं लावणं म्हणजे लग्नातलं मानपान. काम केलं रेसिडेंटने, त्याला मागे सरकवायला निघालेले तिघे, कारण एकाचं प्रमोशन लागलंय, एकाचं इन्स्पेक्शन आहे आणि एकाला आधीच्या पेपरात चौथं टाकलं होतं म्हणून राग आहे. यात चार अटी कोण विचारतो? मी रेसिडेंटचं नाव पहिलं ठेवलं. त्यावरून विभागात माझ्याशी चहापुरतंही न बोलणारी माणसं आहेत, असू देत.

बरं, नावं लागली तरी सह्या. कॉपीराइट फॉर्मवर सगळ्यांच्या शाईतल्या सह्या, एकाच कागदावर, स्कॅन करून. रेसिडेंट पास होऊन सक्तीच्या सरकारी सेवेच्या बाँडवर लांबच्या ग्रामीण रुग्णालयात. त्याने रात्री सही करून फोटो पाठवला, त्यावर त्याच्याच हाताची सावली. जर्नलचं पोर्टल म्हणतं, अस्पष्ट आहे. त्याच्या तिथे स्कॅनर नाही, झेरॉक्सवाला तालुक्याला, आणि हा एकटा मेडिकल ऑफिसर, त्याने पेशंट सोडून सही स्कॅन करायला जायचं का? बायोस्टॅटिस्टिक्सचे सर बदलून दुसऱ्या जिल्ह्यात गेले, त्यांचा कॉलेजचा ईमेल बंद झाला, आणि पोर्टलची पुष्टीची लिंक त्याच बंद ईमेलवर जाते. बदलायची म्हटलं तर 'लेखकाच्या माहितीतील बदलासाठी सर्व लेखकांचे सहीचे पत्र जोडावे'. पुन्हा सह्या!

हे सगळं एक वेळ सोसलं असतं. पण शब्दमर्यादेने जे केलं ते मला अजून पचत नाही. मूळ मजकूर २,५०० शब्दांत बसवायचा होता. आमच्या लिखाणात एक परिच्छेद होता, वीस मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीवर. साप चावलेल्या माणसाचं थोडं रक्त काचेच्या कोरड्या, स्वच्छ टेस्ट ट्यूबमध्ये घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग ट्यूब आडवी करून बघायचं. गोठलं नाही तर घोणससारख्या सापाचं विष रक्तात काम करतंय असं धरायचं आणि विषावरचा उतारा, म्हणजे अँटीव्हेनम, सुरू करायचं. यंत्र नको, वीज नको. पण ट्यूब साबणाने धुतलेली असेल तर चांगलं रक्तही नीट गोठत नाही आणि चाचणी खोटं बोलते. प्लास्टिकची ट्यूब घेतली तरी तोच घोटाळा. लहान केंद्रांवर नेमकं हेच होतं: काचेच्या ट्यूब मोजक्या, त्या धुऊन पुन्हा वापरतात. रेफर होऊन आलेल्या रुग्णांच्या चिठ्ठ्यांवर 'रक्त गोठत नाही' लिहिलेलं आणि आमच्याकडे नवी ट्यूब घेतली की व्यवस्थित गोठलेलं, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला उद्या सकाळी उपयोगी पडेल असा पेपरातला तेवढाच भाग होता. तो कापावा लागला. कारण शब्द संपले होते. आणि त्याच फाइलमध्ये निधी, हितसंबंध, डेटाची उपलब्धता, कोणत्या लेखकाने काय केलं, एआय वापरलं का, आभार, या सगळ्या घोषणांना मात्र शब्दमर्यादा नाही, त्या कितीही लांबवा!

डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडच्या भागात विंचूदंशाचे रुग्ण बघत बघत १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या नावाजलेल्या ब्रिटिश जर्नलमध्ये लिहिलं, १९८६ मध्ये प्राझोसिन या औषधाबद्दल पुन्हा तिथेच. कोकणातली माणसं विंचवाने मरायची थांबवणारं काम ते. आज ते पहिल्यांदा पोर्टलवर चढवायला बसले असते तर पहिला मेल आला असता की विंचवाचा फोटो ३०० डीपीआयचा नाही, टिफमध्ये द्यावा.

यात मधूनच पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांकडून मेल येतात, 'आदरणीय डॉक्टर, आपल्या महान योगदानाने आम्ही भारावलो आहोत, ७२ तासांत प्रकाशित करू'. त्यांना उभ्या रेघा चालतात, आडव्या चालतात, टेबलच नसलं तरी चालतं, फक्त डॉलर पाठवा. पहिल्या प्रमोशनच्या घाईतली पोरं तिकडे का वळतात याचं आश्चर्य वाटून घेणाऱ्या वरिष्ठांचंच मला आश्चर्य वाटतं.

पहिल्या सबमिशनला कुठल्याही फॉरमॅटमध्ये पाठवा, स्वीकारलं तर मग नीट करून घेऊ, असं म्हणणारी जर्नलं आज आहेत, चांगली नावाजलेली आहेत, त्यांच्यावर काही आकाश कोसळलेलं नाही. बाकीच्यांना काय धाड भरलीय? एवढंच करा: आधी वाचा. कामाचा नसेल तर दोन दिवसांत नाही म्हणा, मी एक अक्षर बोलणार नाही. कामाचा असेल तर मग सांगा काय सांगायचं ते, रेघा काय, मी टेबलच काढून टाकते.

आज सकाळी फाइल पुन्हा परत आली आहे. या वेळी हितसंबंधांचा फॉर्म, प्रत्येक लेखकाचा वेगळा हवा, कोणाचे कुठे आर्थिक लागेबांधे नाहीत असा. मी प्रिंट घेऊन विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला, सही केली आणि म्हणाले, "मॅडम, सापाशी आपले कसले आर्थिक हितसंबंध, ते एकदा विचारून घ्या त्यांना."