पाल्यानं गोचीड मरत नाही म्हणणाऱ्या दादांना उत्तर

दादा, तुमची कमेंट वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, दादांचं म्हणणं असं की त्यांनी माझा गोचीड-माश्यांवरच्या घरगुती उपायांचा लेख वाचून कडुनिंबाचा पाला उकळून ते पाणी भर उन्हात संकरित गायीवर मारलं, दुसऱ्या दिवशी गोचीड जिथल्या तिथं, आता गाय दोन दिवस वैरण खात नाहीये, आणि असलं लिहून लोकांची जनावरं मारू नका, लंपी त्वचारोगात किती गेली ते बघितलं नाही का, एक इंजेक्शन मारलं की विषय संपतो.

आधी गायीचं बोलते, बाकीचं मागनं. गोचीड भरपूर आहेत आणि संकरित गाय वैरण सोडतेय म्हणजे आजच्या आज डॉक्टरला बोलवा. ताप बघा, खांद्याच्या पुढच्या बाजूला गाठ सुजलीय का हात लावून बघा, डोळ्याची आतली कातडी पांढरी पडलीय का, लघवी लाल होतेय का. गोचीड ताप असेल तर रक्ताचा थेंब काचेवर घेऊन तपासला की कळतं आणि थायलेरिया, म्हणजे गोचिडातून रक्तात जाणारा जंतू, निघाला तर त्याचं बुपारव्हाकोनचं इंजेक्शन लवकर दिलं तरच नीट काम करतं. इथं कुठलाच पाला कामाचा नाही. खिलार, डांगी अशी आपली जनावरं हा ताप बऱ्यापैकी सोसतात, एचएफ-जर्सी या परदेशी जातींना आणि त्यांच्या संकरित गायींना तो झेपत नाही, म्हणून वाट बघू नका.

लंपीचं म्हणाल तर मला ते तुमच्याइतकंच लागतं. 2022 च्या ऑगस्टमध्ये जळगावकडं सुरू झालं आणि बघता बघता राज्यभर पसरलं, ते दिवस कुणी विसरलेलं नाही. तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचली. लंपीला लस हाच उपाय, याबद्दल माझं दुसरं मत नाही. पण तो विषाणू एका जनावराकडून दुसऱ्याकडं नेतं कोण, तर चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड. मग लस टोचून झाल्यावर माश्या दूर ठेवायचं काम उरतंच ना, आणि माझा सगळा लेख त्या उरलेल्या कामाबद्दल आहे.

आता पाला उकळून काही झालं नाही हे. होणारच नव्हतं दादा. कडुनिंबातलं जे कामाचं आहे, अझाडिरॅक्टिन, ते सगळ्यात जास्त निंबोळीच्या बीच्या आतल्या गरात असतं, पाल्यात फार कमी, त्यात तुम्ही तो उकळला आणि पाणी भर उन्हात मारलं, उष्णतेनं आणि उन्हानं ते आणखी मोडतं. आणि दुसरं म्हणजे निंबोळी रात्रीत गोचीड मारून टाकत नाही. तिचं काम म्हणजे किडीला जवळ येऊ न देणं, कात टाकू न देणं, अंडी घालण्यात अडथळा आणणं. हे सावकाश होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी टपाटपा गळून पडतील अशी अपेक्षा धरली की निराशाच पदरी येते. कापसावर 5 टक्के निंबोळी अर्क तुम्ही मारतच असाल, तिथं तरी अळी त्याच दिवशी कुठं मरते?

तेल वापरायचं असेल तर निंबोळीचं किंवा करंजाचं, लिटरला 10 मिली. पण तेल नुसतं पाण्यात ओतलं तर वर तरंगतं आणि पंपातून आधी नुसतं पाणी आणि शेवटी नुसतं तेल येतं, जनावराच्या अंगाची आग होते ती त्या शेवटच्या तेलानं. आधी तेलात साबणाचं पाणी किंवा रिठ्याचा फेस घालून घोटायचं आणि मग हळूहळू पाणी, सगळं दुधासारखं पांढरं झालं की समजायचं जमलं. पहिल्यांदा मांडीवर हातभर जागेत लावून एक दिवस बघा. धार काढल्यावर मारा, कासेला लागलं तर पुढच्या धारेआधी धुवा, नाहीतर दुधाला वास लागतो. वेळ ऊन कलल्यावरची, थंडीत मात्र दुपारीच, नाहीतर जनावर गारठतं. आणि दर आठवड्याला, एकदा मारून सोडलं तर उपयोग नाही. राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाची लसूण, कडुनिंब, वेखंड, हळद, घाणेरीचा पाला आणि तुळस वाटून फवारायची कृती आहे, तीसुद्धा आठवड्यातून एकदाचीच आहे, आणि ती नुसती अंगावर नाही तर गोठ्याच्या भेगांत पण मारायला सांगितलीय.

त्या भेगांवरच मला जास्त बोलायचंय, कारण इंजेक्शननं विषय संपतो म्हणताना नेमकं तेच सुटतं. रक्त पिऊन फुगलेली मादी, राखाडी, एरंडीच्या बीएवढी, ती गायीच्या अंगावर राहत नाही, गळून पडते आणि गव्हाणीच्या मागं, दगडाच्या फटीत, शेणाच्या पोपड्याखाली जाऊन दोन-चार हजार अंडी घालते. बॅटरी घेऊन रात्री गव्हाणीचा सांधा बघा, दिसतील. म्हणजे अंगावर दिसतात ती थोडीच, बाकी सगळी फौज भिंतीत, आणि इंजेक्शन भिंतीला देता येत नाही. पिल्लं महिनोन्‌महिने उपाशी राहून वाट बघतात. म्हणून फटी सिमेंटनं बुजवायच्या, चुना मारायचा, वैरण आणि गोवऱ्या बाहेर काढून फ्लेम गन, म्हणजे आगीची ज्योत फेकणारं यंत्र, फिरवायची, मुताची नाली वाहती ठेवायची, कारण चावरी माशी अंडी घालते ती ओल्या शेणात मिसळलेल्या कुजक्या वैरणीत. गावरान कोंबड्या सोडा गोठ्यात, त्या दिवसभर वेचत राहतात.

इंजेक्शनला माझा विरोध नाही, पण दुभत्या गायीला गोचिडाचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शन मारून संध्याकाळचं दूध डेअरीला घालणं मला पटत नाही, ते औषध दुधात उतरतं आणि बऱ्याच दिवस उतरत राहतं. शेणातून बाहेर पडतं ते शेणकिड्यांनाही मारतं. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन या कीटकनाशकांची फवारणी अंदाजानं, कधी पातळ कधी घट्ट, तेच औषध वर्षानुवर्षं, यानं त्याला दाद न देणारे गोचीड आपल्या देशात तयार झालेले आहेत. अंगावर गोचीड लदबदलेले असतील तर औषध माराच, डॉक्टरला विचारून, लेबलवरच्या प्रमाणात, पण रोजची राखण निंबोळी-करंजावर ठेवली तर औषध वर्षात कमी वेळा लागतं आणि जेव्हा लागतं तेव्हा लागू पडतं, एवढंच माझं सांगणं.

कमेंटखाली अजून दोघांनी तंबाखूचं पाणी आणि सीताफळाच्या बिया सुचवल्यात. तंबाखू नको, निकोटिन कातडीतून आत जातं, वासरू दगावू शकतं. सीताफळाची बी किडीला कडक आहे खरी, पण डोळ्यात गेली तर डोळा जायची वेळ येते, जनावराच्या तोंडाजवळ आणि आपल्या हाताला दोन्हीकडं धोका, मी सांगणार नाही. धुरी चालते, पण दारं उघडी ठेवून, बंद गोठ्यात जनावर खोकतं. आणि गोचीड ओढून नखानं चिरडू नका कृपा करून, 2011 ला गुजरातमध्ये काँगो तापानं माणसं गेली, तो जनावरांवरच्या गोचिडांतून येतो. चिमट्यानं काढा आणि रॉकेलच्या डब्यात टाका.

डॉक्टर येऊन गेले की काय म्हणाले ते लिहा. आणि गोठा मुरमाचा आहे की कोबा केलाय, भिंती दगडाच्या आहेत का, आधी कुठलं औषध किती मारलं होतं, हे पण सांगा, म्हणजे कुठनं सुरुवात करायची ते तुमच्या गोठ्यापुरतं नीट सांगता येईल.