पंखाच्या 'तुटक्या वायरी' आणि इंधन भरतानाचा खोळंबा: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टार देऊन तुम्ही तीन तक्रारी लिहिल्यात: इंधन भरायचं म्हणून सगळ्यांना वीस मिनिटं खाली उतरवून ठेवलं, उतरताना मुलीला करंट लागला, आणि पंखाच्या मागच्या कडेला तुटक्या वायरी लोंबत होत्या, म्हणजे विमान खटारा. लेकराच्या काळजीपोटी लिहिलंय, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

त्या वायरी तुटलेल्या नाहीत. त्यांना स्टॅटिक विक म्हणतात. कोरड्या, धुळीच्या हवेतून उडताना विमानाच्या अंगावर स्थिर वीज साठते. ती या काड्यांच्या टोकांतून हवेत निघून जाते. नाहीतर रेडिओवर एवढी खरखर होते की समोरच्याचं बोलणं कळत नाही.

मुलीला बसलेला झटका विमानाच्या वायरिंगचा नव्हता. खानदेशातली जानेवारीची कोरडी हवा, अंगात नायलॉनचं जॅकेट आणि सीटवरून घसरत उतरणं. वीज तिच्या अंगावर साठली आणि दाराच्या धातूला हात लागताच उतरली. त्यानं इजा होत नाही. पण तशीच ठिणगी टाकीच्या तोंडाशी पडली तर? असा झटका माणसाला जाणवतो तो साधारण 3,000 व्होल्टच्या पुढे. पेट्रोलची वाफ पेटायला पाव मिलिज्यूल ऊर्जा पुरते, म्हणजे जेमतेम जाणवणारी ठिणगीसुद्धा घात करू शकते. आणि विमानाचं पेट्रोल, अ‍ॅव्हगॅस, कडाक्याच्या थंडीतही वाफ सोडतं.

वेळ जातो तो यासाठी. आमचं विमान सेसना 172, त्याच्या टाक्या पंखांत असतात, दोन्ही बाजूंना शिडी लावून भराव्या लागतात. त्याआधी आमचा इंधन भरणारा मुलगा बाउझरची, म्हणजे इंधनाच्या टँकरची, वायर ओढून क्लिप एक्झॉस्ट पाइपला लावतो. रंगावर लावली तर उपयोग नाही, रंगातून वीज जात नाही. मगच झाकण उघडायचं. पाइपातून आणि फिल्टरमधून पेट्रोल वाहतानाही चार्ज तयार होतो. क्लिप असली की बाउझर आणि विमान यांच्यात विजेचा फरक राहत नाही, मग ठिणगी पडणार कशी? झाकण बंद झाल्यावर क्लिप सगळ्यात शेवटी काढायची.

यातली एकही पायरी मी गाळू देणार नाही, मग रांग कितीही लांब असो. तेवढा वेळ शेडमध्ये बसायची सोय आहे.

पुढच्या वेळी मुलीला सुती कपड्यात आणा. स्टॅटिक विक जवळून दाखवतो. हात मात्र लावू देणार नाही, फार नाजूक असतात त्या.